लोकांच्या तोंडी

पानिपतला उतरलो तेव्हा नवरा गंभीर होता. दिल्लीला गाडीत बसल्यापासूनच होता. आदल्या रात्री लॉजवर त्याने दाढी करून ठेवली होती, सकाळी घाईत कुठे कापलं-बिपलं तर अपशकुन नको म्हणून. मीही त्या दिवशी साडी नेसले. एरवी प्रवासात मी पंजाबी ड्रेसच घालते, पण तो घालून पानिपतावर उभं राहणं बरं दिसेना.

स्टेशनाबाहेर एक रिक्षावाला उभा होता. "कंबल मार्केट?"

"नहीं. वो लढाई हुई थी ना, उधर जाने का है," नवरा म्हणाला. आमचं हिंदी नाशिकचं आहे. ते समोरच्याला समजतं, आपलंसं मात्र वाटत नाही.

रिक्षावाल्याने आम्हा दोघांना एकदा नीट पाहून घेतलं. "कौन सी? तीन हुई हैं."

आता, ज्याला जन्मापासून पानिपत एकच ठाऊक, 'तिसरं' हे जणू त्या पानिपताचं आडनाव, अशा माणसाला भर चौकात मोजदाद करायची वेळ आली. "तीसरी," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मराठा."

"तीसरी दूर पड़ेगी. पहली यहीं पास में है. दूसरी रहने दो."

शेवटी पहिली आणि तिसरी मिळून एक भाव ठरला. पहिलीत इब्राहिम लोदीची कबर पाहिली. 1526 साली बाबराशी लढताना दिल्लीचा हा सुलतान इथे पडला. नवऱ्याने कबरीभोवती एक चक्कर मारली आणि दुसऱ्याच्या घरच्या मयताला गेल्यासारखा हात मागे बांधून उभा राहिला. तिसरी गावाबाहेर आहे, काला आंब म्हणतात त्या जागेला. ज्याच्यावरून नाव पडलं तो आंबा आता नाही. तिथे एक स्तंभ आहे, भोवती बाग आहे, आणि आम्ही गेलो त्या दिवशी बागेत एक कुटुंब डबे उघडून छोले-भटुरे खात होतं. पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू घरंगळत नवऱ्याच्या पायाशी आला. 14 जानेवारी 1761 मनात धरून उभ्या असलेल्या माणसाने वाकून तो परत फेकला.

मग त्याने खिशातून धुतलेला रुमाल काढला आणि चिमूटभर माती त्यात बांधली. बागेचा माळी पाइप हातात घेऊन हे बघत होता. "पुणे से?" त्याने विचारलं. नाशिकहून म्हटलं. "मराठी लोग आते हैं, मिट्टी ले जाते हैं," तो म्हणाला, आणि पाण्याची धार दुसऱ्या वाफ्यावर वळवत पुढे म्हणाला, "हर साल नई डलवानी पड़ती है." ही थट्टा होती की बागकामाची माहिती, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. माती आमच्या देव्हाऱ्यात आहे.

परतताना रिक्षावाल्याने न विचारता कंबल मार्केटलाच नेलं. पानिपत हे घोंगड्या-चादरींचं गाव. जगभरातून टाकून दिलेले लोकरीचे कपडे इथे गठ्ठ्यांनी येतात. बायका त्यांची बटणं-चेन कापून काढतात, रंगानुसार ढीग लावतात, मग यंत्रावर ते कपडे पिंजून त्यांचा पुन्हा धागा होतो आणि धाग्याची कांबळी. दुकानदाराने एक कांबळं उलगडून मला म्हटलं, यात इंग्लंडही आहे आणि अमेरिकाही आहे. दोन घेतली. पानिपतचं लोणचं प्रसिद्ध आहे म्हणे, तेही घेतलं. संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "काय वहिनी, पानिपत झालं का?"

"झालं," मी म्हटलं. "लोणच्याची बरणी तेवढी गळतेय."

आम्हा मराठी लोकांना देशातली बरीच गावं अशी न पाहताच माहीत असतात, कारण ती आमच्या बोलण्यात राबायला ठेवलेली आहेत. धंदा बुडाला की पानिपत होतं. काम बिघडलं की त्याची काशी होते. सरळ करायची गोष्ट उलटी फिरवून केली की तो द्राविडी प्राणायाम. कोणी मन मानेल तसं वागू लागला की 'मोगलाई लागून गेली का?' फुशारकी मारायची झाली की झेंडे अटकेपार. झेंडे 1758 साली गेले होते. अटक सध्या पाकिस्तानात आहे आणि तिथली रजा-प्रवास सवलत मंजूर होत नाही.

हे मी अधिकाराने सांगते. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात एकतीस वर्षं मी हिशेबाच्या टेबलावर होते आणि त्यातली निम्मी वर्षं लोकांची एलटीसीची बिलं तपासण्यात गेली. चार वर्षांच्या गटात एकदा देशात कुठेही जा, सरकार भाडं देतं. लोक कन्याकुमारीला जात, गंगटोकला जात, अंदमानला जात, आणि मी त्यांची तिकिटं पंच करून दोऱ्यात ओवत बसे. भारताचा भूगोल मी शाळेत शिकले नाही, आक्षेप काढता काढता शिकले. मग माझीही पाळी येई, आणि आम्ही दोघं, मुलगा लहान होता तोवर तिघं, निघत असू. आमच्या सहकाऱ्यांपैकी बरेच जण मराठी टूर कंपनीबरोबर जात. श्रीनगरला पिठलं-भाकरी आणि मदुराईला आमरस-पुरी असा तो प्रवास असतो. मी त्याला नावं ठेवत नाही. पण सोबत निम्मं नाशिकच चाललं असेल तर रजा कशासाठी घालवायची, असा माझा हिशेबी प्रश्न होता.

तर, न पाहिलेली ही गावं एकेक करून पाहिली आणि बोलणं थोडं अडखळायला लागलं. काशीला नावेतून उतरताना नवऱ्याच्या हातातली चपलांची पिशवी गंगेत पडली आणि तो जोरात ओरडला, "झाली काशी!" नावाड्याने ताबडतोब हात जोडले, "हर हर महादेव." त्याला वाटलं, यात्रा पूर्ण झाल्याचं हा भाविक जाहीर करतोय. ज्या गावचा विश्वनाथ 1780 साली अहिल्याबाईंनी पुन्हा उभा केला, त्या गावाच्या नावाने आपण कामं बिघडवतो! आणि द्राविडी प्राणायाम? तामिळनाडूत बारा दिवस फिरलो, बस वेळेवर, इडली वेळेवर, देऊळ उघडायची-मिटायची वेळ ठरलेली. तिथे प्राणायाम घडलाच नाही. तो नाशिकला परतल्यावर घडला, माझंच बिल मंजूर करून घेताना. कुंभकोणमला मात्र नवऱ्याने मिठाईच्या दुकानात बोट दाखवून 'पोळी' असा शब्द वाचल्याचा आनंद व्यक्त केला आणि चार मागवल्या. पुरणाच्या निघाल्या. तिकडे पोळी म्हणजे पुरणाचीच. साध्या पोळीवर ते हा शब्द खर्च करत नाहीत.

शब्दांच्या या गमती प्रत्येक प्रवाशाच्या पोतडीत असतात, त्यामुळे मी फार सांगत नाही. दिल्लीत 'शिक्षा मंत्रालय' वाचून शाळेतला प्रत्येक मराठी मुलगा हसतोच. रस्त्यावर 'यातायात पुलिस' पाहिले की वाटतं, इतक्या उघडपणे पोलिसांनी आपली व्यथा लिहावी! कलकत्त्याच्या लॉजवर गरम पाणी नव्हतं. मॅनेजर रोज सकाळी अतिशय नम्रपणे सांगायचा, "चेष्टा कोरछि." बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पण चार दिवस गार पाण्याने आंघोळ केल्यावर मला त्याचं म्हणणं मराठीतही खरंच वाटायला लागलं.

एक मात्र सांगायलाच हवी. बडोद्याहून येताना समोरच्या बाकावर एक गुजराती आजोबा होते. त्यांना वरच्या फळीवरचं बोचकं काढायला मदत हवी होती. नवरा खिडकीतून बाहेर बघत बसलेला. आजोबांनी त्याच्या गुडघ्याला हात लावून विचारलं, "नवरा छो?" गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला. हा चमकला, माझ्याकडे पाहिलं आणि ताठ बसून म्हणाला, "हो. हिचाच."

आजोबांनी बोचकं स्वतःच काढलं. मी तेव्हापासून शब्दाचा गुजराती अर्थही घरात वापरते.

इथवरचं सगळं एका बाजूचं झालं. दुसऱ्यांची गावं आमच्या तोंडी काय झाली, हे मला हळूहळू कळत गेलं. आपण स्वतः दुसऱ्यांच्या तोंडी काय झालो असू, हा विचार मात्र बरीच वर्षं डोक्यात आला नव्हता. तो राजमहेंद्रीला आला.

निवृत्त झाल्यानंतरची ती पहिली सफर, स्वतःच्या पैशांची. राजमहेंद्री निवडायचं कारण गोदावरी. आम्ही नाशिकचे. नाशिकमध्ये तिला कोणी गोदावरीसुद्धा म्हणत नाही, 'गंगेवर जाऊन येते' म्हणतात. उगम आमच्या त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर, रामकुंड आमचं, त्यामुळे नदीही आमचीच आणि पुढे ती जे काही करते ते आमच्या परवानगीने, अशी एक समजूत असते. उन्हाळ्यात नाशिकची गंगा कुठेकुठे साडी किंचित वर धरून ओलांडता येते. राजमहेंद्रीला गाडी पुलावर चढली तेव्हा नवऱ्याने चहा घेतला होता. चहा फुंकून पिऊन झाला, कप चुरगाळून झाला, पूल चालूच. बाजूला जुना हॅवलॉक पूल दिसत होता, 1900 साली सुरू झालेला आणि 1997 साली सेवेतून मुक्त केलेला. आता त्याच्यावरून काही जात नाही, नुसता पाण्यात पाय सोडून उभा असतो. मला तो फार जवळचा वाटला.

आमच्या डब्यातल्या बाईंनी नदीला हात जोडले, नाणं टाकलं. मला राहवेना. मी त्यांना माझ्या हिंदीत सांगितलं की ही नदी आमच्याकडून येते, आमच्या गावाची आहे.

त्या मनापासून खूश झाल्या. "अच्छा? उधर भी है?"

1,465 किलोमीटरची नदी. तिच्या पहिल्या काही किलोमीटरांवर आमचा हक्क, आणि शेवटच्या पात्रात उभ्या असलेल्या बाईंना वाटतं, चला, बिचाऱ्यांकडेही थोडीशी आहे. बोलण्यातून पुढे कळलं की गुरू सिंह राशीत आला की आमच्याकडे सिंहस्थ भरतो, नेमकं तेव्हाच त्यांच्याकडे पुष्करालु. 2015 साली मी रामकुंडावरच्या गर्दीला नावं ठेवत घरात बसले होते, त्याच वर्षी त्या राजमहेंद्रीच्या घाटावर गर्दीला नावं ठेवत आंघोळ करून आल्या होत्या. म्हणजे माझ्यापेक्षा पुण्य त्यांचंच जास्त, आणि तेही आमच्याच पाण्यावर.

पण मी सांगत होते ते पिठल्याचं. नवऱ्याला घराबाहेर पाचव्या दिवशी पिठलं आठवतं. हा आजार आहे आणि त्याला वेळापत्रक आहे. पहिले चार दिवस तो उत्साहाने सगळं खातो, पेसरट्टू काय, गोंगुरा काय, पाचव्या दिवशी सकाळी खिडकीशी गप्प उभा राहतो. अशा वेळी काही बोलायचं नसतं. आम्ही गोदावरीच्या घाटाजवळच्या एका टिफिनच्या दुकानात शिरलो. चार टेबलं, भिंतीवर हार घातलेले बालाजी, एक पोरगा बादल्या घेऊन फिरत होता. पुऱ्या मागवल्या. पोरग्याने केळीच्या पानावर चार पुऱ्या टाकल्या आणि बादलीतून पळीभर पिवळं काहीतरी वाढलं. वाफ आली. त्या वाफेला ओळखीचा वास होता.

नवऱ्याने बोटाने चाटून पाहिलं. मग पुन्हा. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी शपथेवर सांगते, त्याचे डोळे भरून आले होते. "अगं," तो म्हणाला, "पिठलं!"

बेसन, कांदा, हळद, मोहरी-जिऱ्याची फोडणी, उभी चिरलेली हिरवी मिरची, कढीपत्ता. पातळ होतं, पळीतून धार लागेल एवढं. लसूण नव्हता, आणि शेवटी लिंबू पिळलेलं असावं. पण पिठलंच ते. नवऱ्याने पोरग्याला थांबवलं आणि पानावर बोट ठेवून भुवया उडवल्या, म्हणजे हे काय आहे?

"बॉम्बे चटणी," पोरगा म्हणाला, आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. आंध्रात, तामिळनाडूत हिचं हेच नाव आहे, हे नंतर कळलं. तिकडे साध्या रव्यालाही 'बॉम्बे रवा' म्हणतात, आणि साखरेच्या एका रंगीत मिठाईला 'बॉम्बे मिठाई'. कोणी नेलं, कधी नेलं, मला माहीत नाही. बहुधा कोणीतरी मुंबईला नोकरीला आलं असेल, खाणावळीत हे खाल्लं असेल आणि घरी जाऊन बायकोला 'असं असं पिवळं असतं' म्हणून सांगितलं असेल. वर्णनावरून केलेला पदार्थ पातळच होतो. पण मला मजा वाटली ती वेगळीच. छत्रपती, ज्ञानेश्वर, लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर, आम्ही जे जे देशाला दिलं असं समजतो ते सगळं सोडून या गल्लीत आमचं प्रतिनिधित्व कोण करतंय, तर पिठलं. आणि तेही मुंबईच्या नावावर. ज्या मुंबईत स्वतः पिठलं मागितलं तर शोधावं लागेल.

"आपण नाशिकचे," नवरा म्हणाला, "पण इथे आपण बॉम्बेच, नाही का?"

"इथे आपण चटणी," मी म्हटलं.

त्याने तीन वेळा वाढून घेतलं. घरी मी पिठलं केलं की गुठळी राहिली, पातळ झालं, तिखट कमी पडलं, असं ऐकत पस्तीस वर्षं काढली आहेत. तिथे पैसे देताना त्याने पोरग्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर आजवर मारलेली नाही.

कलकत्त्याची गोष्ट याच्या बऱ्याच आधीची. पण तिचा अर्थ मला राजमहेंद्रीनंतर लागला, म्हणून नंतर सांगते. आमच्या खात्याच्या कलकत्त्याच्या कार्यालयात एक बाई होत्या. वर्षानुवर्षं फायलींवरून आम्ही फोनवर बोलत असू. त्या मला दीदी म्हणायच्या, मी त्यांना दीदी म्हणायचे, वयाने कोण मोठी हे कधी ठरलं नाही. कलकत्त्याला गेलो तर त्यांनी जेवायला बोलावलं. उत्तर कलकत्त्यातलं जुनं घर, हिरव्या झडपांच्या खिडक्या, आणि पलंगावर बसलेली त्यांची ऐंशीच्या पुढची आई. लेकीने ओळख करून दिली, महाराष्ट्रातून आलेत. म्हातारीने चष्मा नीट केला, आम्हाला आपादमस्तक पाहिलं आणि लेकीला बंगालीत काही विचारलं. लेक हसायला लागली. सांगेना. नवऱ्याने आग्रह केला तेव्हा सांगितलं.

"माँ पूछ रही हैं, बर्गी लोग मछली खाते हैं क्या?"

बर्गी म्हणजे बारगीर. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर, स्वतःचा घोडा आणे तो शिलेदार, हे आम्ही शाळेत पाठ केलेलं. पण बंगालमध्ये हा शब्द सैन्यातला हुद्दा म्हणून राहिला नाही. 1740च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांचं सैन्य, भास्करपंत कोल्हटकर ज्याचे सरदार, चौथाई वसूल करायला बंगालवर उतरलं आणि जवळजवळ दहा वर्षं पुन्हा पुन्हा येत राहिलं. गावं जाळली, भाताची कोठारं लुटली, माणसं मारली. 1751 साली नवाब अलीवर्दी खानाने तह करून ओरिसा सोडला आणि वर्षाला बारा लाख चौथाई मान्य केली तेव्हा ते थांबलं. कलकत्त्याच्या लोकांनी तर 1742 साली शहराभोवती खंदकच खणायला घेतला, मराठे येतील म्हणून. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत, खंदकही पुरा झाला नाही, पुढे तो बुजवून रस्ता केला. पण बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली अजून आहे. आणि बंगालमधल्या आया बाळं निजवताना एक अंगाईगीत म्हणतात, त्यात बर्गी येतात.

ते गाणं म्हातारीने मग म्हणून दाखवलं. गोड चाल. लेकीने अर्थ सांगितला: पोर निजलंय, गल्ली शांत झालीय, देशात बर्गी आलेत, धान बुलबुलांनी खाऊन टाकलं, आता सारा कुठून भरायचा? पुढे कुठेतरी अशी विनवणी आहे की थोडे दिवस कळ काढा, लसूण पेरलाय.

मी हिशेबाच्या टेबलावरची बाई. थकबाकीदारांची पत्रं वाचून माझं आयुष्य गेलं. 'लसूण पेरलाय, कळ काढा' हे पत्र मी ओळखते. ते खोटं नसतं. मोहिमा, स्वाऱ्या, चौथाई हे सगळं मी ज्या बाजूने शिकले त्या बाजूला आवक होती. जावक कुणाच्या घरातून झाली तो रकाना आमच्या वहीत नव्हता. तो इथे, पलंगावर बसलेल्या या बाईच्या गाण्यात होता. अडीचशे वर्षं रोज रात्री तो वाचून दाखवला जातोय आणि ऐकणारं पोर त्यावर शांत झोपी जातंय.

नवरा कासावीस झाला होता. पानिपतहून माती आणणारा माणूस तो. त्याने काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं की आम्ही मासे खात नाही. अंडंसुद्धा नाही.

लेकीने भाषांतर केलं. म्हातारीने आधी विश्वास ठेवला नाही, मग ती जी हसायला लागली ती उचकी लागेपर्यंत. आयुष्यभर जिच्या गाण्यात बर्गी घोड्यावरून आले, ते प्रत्यक्षात आले आणि आलू-पोस्तो खाऊन, थोडा जास्त भात मागून, वरून मिष्टी दोई घेऊन गेले. निघताना तिने माझ्या गालाला हात लावून बोटं कपाळावर मोडली. जावईबुवांना, म्हणजे आमच्या बर्ग्याला, संदेशाचं खोकं दिलं. नवरा जिना उतरताना म्हणाला, "हीच चौथाई."

त्याच फेरीत आम्ही पुढे आसामला गेलो. निमाती घाटावरून माजुलीला बोट जाते. बोटीत मोटारसायकली, कोंबड्या, शाळेच्या वह्यांचे गठ्ठे आणि माणसं. मागून एका पोराने रडक्या सुरात हाक मारली, "आइ!" मी ताडकन वळले. आसामीत आईला आईच म्हणतात. ती हाक अर्थातच मला नव्हती. बोटीच्या कडेशी बसलेली एक बाई शांतपणे उठली आणि गेली. आमचा मुलगा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता आणि त्याला दाढी होती. तरी मी वळले. बर्गी, बॉम्बे, चटणी या नावांना 'ओ' द्यायला मला सवय करावी लागली. या एका हाकेला लागली नाही. एवढंच त्या बोटीवरचं. बाकी माजुली फार सुंदर आहे, जाऊन या.

आता आम्ही फारसं कुठे जात नाही. नवऱ्याचा गुडघा गेला आहे. पण प्रवास घरी येतो म्हणतात तसं झालं. सराफ बाजारात सोन्याची कारागिरी करणारी बंगाली मुलं पुष्कळ आहेत, त्यातला एक बायकोसह आमच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो. मेदिनीपूरकडचा. चाळिशीचा चष्मा तिसाव्या वर्षी लागलेला, तारेवर तार जोडून जोडून. दर पाच तारखेला तो स्वतः खाली येऊन रोख भाडं देतो, मोजून घ्या म्हणतो. गेल्या पावसाळ्यात त्याला मुलगी झाली आणि बाळंतपणासाठी त्याची आई गावाहून आली. ती दुपारी जिन्यात बसून पान जुळवते. तिला मराठी येत नाही, मला बंगाली येत नाही, तरी कोथिंबीर कुठे स्वस्त मिळते यावर आमचं रोज अर्धा तास बोलणं होतं.

या महिन्यात पाच तारीख गेली, आठ गेली. बाजारात काम मंदावलंय, सोनं इतकं चढलंय की घडवायला कोणी टाकत नाही, हे मलाही दिसतंच. तरी अकरा तारखेला दुपारी मी पावतीपुस्तक घेतलं आणि जिना चढले. आठवण करून द्यायला, एवढंच. एकतीस वर्षांची सवय आहे.

वर दार अर्धवट उघडं होतं. आत पंखा फिरत होता. म्हातारी पाय पसरून बसलेली, नात मांडीवर आडवी, आणि ती हळू आवाजात गात होती. मला भाषा येत नाही, पण ती चाल मी ओळखली. उत्तर कलकत्त्यातल्या हिरव्या झडपांच्या खोलीत ऐकलेली.

मी तशीच उंबऱ्यावर. हातात पावतीपुस्तक.

तिने मान वर केली. मला पाहिलं, हसली, आणि ओठांवर बोट ठेवलं. "आस्ते," ती कुजबुजली. पोरीचे डोळे नुकते मिटत आले होते.

मी चपला हातात घेतल्या आणि जितक्या हळू उतरता येईल तितक्या हळू जिना उतरले.

खाली नवरा गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून पेपर वाचत बसला होता. पेपरातून डोकं न काढता त्याने विचारलं, "दिलं का भाडं?"

"नाही," मी म्हटलं. "लसूण पेरलाय."

त्याने पेपर खाली केला, छताकडे पाहिलं, थोडा वेळ कान दिला.

"मग थांबू," तो म्हणाला. "संध्याकाळी पिठलं कर."